जुडी सोडायची कशी?

त्रेचाळीसातून सतरा वजा करायचे. मुलीपुढे बांबूच्या कामट्यांच्या चार जुड्या आणि तीन सुट्या. तिनांतून सात कसे द्यायचे? बाई उत्तर देत नाहीत, वाट बघतात. मुलगी एक जुडी उचलते. गाठ पक्की बसलेली, म्हणून दातांनी सुतळी सोडवते. दहा कामट्या चटईवर सांडतात आणि शेजारच्याच्या हिशेबात मिसळतात. भांडण मिटेपर्यंत वजाबाकी थांबते.

बांगलादेशातल्या कॉक्स बझारजवळची कुतुपालोंग निर्वासित छावणी. ऑगस्ट २०१७पासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या पळून या भागात आले. पक्क्या बांधकामाला परवानगी नाही, त्यामुळे वर्गाचे खांब जाड बोराक बांबूचे, भिंती ‘मुली’ जातीच्या बारीक बांबूच्या, वर ताडपत्री. बांबूला कीड लागते, म्हणून तो बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून वापरतात. खोली एकच, मुलं पाळीपाळीने येतात. पावसाची जोरदार सर आली की ताडपत्री अशी वाजते, की बाईंना खुणांवर भागवावं लागतं.

बाई स्थानिक बांगलादेशी. त्यांची चट्टग्रामची बोली आणि मुलांची रोहिंग्या भाषा जवळच्या, त्यामुळे समजावणं अडत नाही. सोबतीला रोहिंग्या शिक्षक असतो, तो बर्मी शिकवतो. २०२१च्या अखेरीपासून इथे म्यानमारचा अभ्यासक्रम आला, कारण परत जायचं ते तिकडे, असं सगळ्यांनी धरलेलं. बर्मी शून्य आणि ‘व’ दोन्ही गोलच. पाटीवर मुलं ते घोटत बसतात.

बाहेरून आलेले पाहुणे या कामट्यांचं फार कौतुक करतात. मला ते अर्धंच पटतं. वजाबाकी कामट्यांनी उत्तम कळते, रसायनशास्त्र नाही. शिवाय ही साधेपणाची आवड कुणी मुलांना विचारून ठरवलेली नाही. सप्टेंबर २०१९पासून जवळपास वर्षभर छावण्यांत वेगवान मोबाइल इंटरनेट बंद होतं. त्यातच २०२०मध्ये कोविडने वर्गही बंद पडले. जगभरची मुलं पडद्यावर शिकत होती तेव्हा इथे अभ्यास आईबापांवर आला, आणि त्यांतल्या अनेकांना अक्षरओळखच नव्हती.

२०२५मध्ये परदेशी निधी आटला आणि खालच्या वर्गांतल्या हजाराहून अधिक स्थानिक शिक्षकांची कामं गेली. जुड्या बांधण्या-सोडण्याचे तास याच वर्गांतले.