माकणीचा नाष्टा: गरमागरम सुशीला

आज मी आलोय धाराशिवच्या लोहारा तालुक्यात, निम्न तेरणा धरणाच्या माकणीत. रस्त्याकडेचं जुनं पत्र्याचं हॉटेल, लाकडी बाकडं आणि पुढ्यात सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा मराठवाडी नाष्टा.

चुरमुरे आधीच भाजून फुललेले, त्यामुळं शिजवायचं काम नाही. पाण्यात बुडवायचे, लगेच पिळायचे. जास्त भिजले की लगदा! मग कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्यांची फोडणी आणि वरून डाळव्याचं कूट. पाच-सात मिनिटांत प्लेट तयार, गॅसही कमी. म्हणून छोट्या हॉटेलाला सुशीला परवडते.

पण शेजारच्या बाकड्यावरची पोरं मॅगी मागत होती. गिऱ्हाईक मागेल तेच कढईत पडणार ना? मग पुढच्या वेळी आवर्जून सुशीला मागा!