विश्लेषण : ‘मना भाऊ कथा गया?’ अक्षरे तीच, अर्थ वेगळा कसा?

‘मना भाऊ कथा गया?’ पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातले चारही शब्द ओळखीचे वाटतील : मनाला घातलेली साद, भाऊ, गोष्ट आणि बिहारमधील तीर्थक्षेत्र. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे मात्र हा अहिराणीतला साधा प्रश्न आहे, ‘माझा भाऊ कुठे गेला?’

हे शब्द एकच आहेत का?

नाहीत, फक्त लिहायला सारखे आहेत. मराठीतील ‘कथा’ संस्कृतच्या ‘कथ्’ म्हणजे सांगणे या धातूपासून आली. अहिराणीतील ‘कथा’ हा कोण, काय, कुठे यांच्या कुळातला प्रश्नार्थक शब्द. ‘मना’चाही मनाशी संबंध नाही. त्यातला ‘ना’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे. मराठीत चा-ची-चे, अहिराणीत ना-नी-नं, तर शेजारच्या गुजरातीत नो-नी-नुं.

मग ‘शिक्षा’चे काय?

‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. तिथे मूळ संस्कृत शब्द एकच, अर्थ पुढे बदलला. ‘कथा’चे उलट आहे. मुळे दोन, लेखन एक.

जळगावकडे काय घडते?

जळगाव परिसरातील तावडी आणि लेवा गणबोलीत, तसेच अहिराणीतही, ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याचा ‘डोया’, शाळेची ‘शाया’. काळा रंग ‘काया’ होतो आणि लेखनात देहवाचक ‘काया’शी जुळतो. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची गाणी याच लेवा बोलीतली.

ही मराठीच आहे का?

ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश मराठीच्या नव्हे, तर १९०७च्या भिल्ली भाषांच्या खंडात केला. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली गेली. अहिराणी तिच्यातच धरलेली असून एकूण भाषक सुमारे १८ लाख ६० हजार आहेत.

फरक कोणाला पडतो?

पहिलीतल्या मुलाला. घरी ‘कथा’ म्हणजे कुठे, पुस्तकात गोष्ट. रंग विचारल्यावर ते ‘काया’ म्हणाले आणि ‘अशुद्ध’ ठरले, तर घरचे बोलणेच चूक समजून पुढच्या वेळी गप्प बसते. गुरुजींनी दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले, तर प्रमाण मराठीही येते आणि घरची बोलीही शाबूत राहते.