दुकानदाराची ‘पक्की जोडी’

एंजल फिशची जोडी फिल्टरच्या नळीवर अंडी घालते, आळीपाळीने पर हलवून त्यांना वारा घालते, जवळ फिरकणाऱ्या प्रत्येक माशाला हुसकावते. दोन-तीन दिवसांत सगळी अंडी पांढरीफटक पडतात. पुढच्या खेपेलाही तेच. टाकीचा मालक पाण्याला दोष देतो, औषधं ओततो. अनेकदा खरं कारण एवढंच असतं, की जोडीतल्या दोघीही माद्या असतात. नर मिळाला नाही तर एंजलच्या माद्या आपसांत जोडी जमवतात आणि संसार अगदी नेटका करतात.

एंजल, डिस्कस, ऑस्कर हे सगळे सिक्लिड कुळातले. उजनीची चिलापी आणि गोव्यातली काळुंदर हीसुद्धा त्याच घरातली. एंजल, डिस्कस किंवा ऑस्करमध्ये नर कोण, मादी कोण, हे काचेबाहेरून सांगणं जवळजवळ अशक्य. अंडी घालायची वेळ आली की पोटाखाली एक इवलीशी नळी बाहेर डोकावते. नराची बारीक आणि टोकदार; मादीची जाड, बोथट, कारण तिच्यातून अंडं बाहेर पडायचं असतं. तोवर दुकानदाराची ‘पक्की जोडी’ म्हणजे त्याचा अंदाज, आणि त्या अंदाजाचे तो जादा पैसे लावतो.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे मासे मात्र सोपे वाटतात: रंगीत तो नर. पीकॉक सिक्लिडमध्ये हे बऱ्यापैकी खरं आहे. नर निळे-लाल, माद्या करड्या. पण शेजारच्या टाकीतल्या, मलावीच्याच केन्यी माशाचा नर पिवळा आणि मादी निळी. पिल्लं सगळीच निळी, म्हणून ‘माद्या’ समजून आणलेल्यांपैकी काही मासे थोड्या महिन्यांनी पिवळे व्हायला लागतात. यलो लॅब या माशात तर नर-मादी दोघंही पिवळे. त्यात या माशांचं राजकारण वेगळंच. टाकीत एक दांडगा नर असला की दबलेले नर मार चुकवायला मादीसारखा फिका रंग धरून राहतात. दांडग्याला बाहेर काढा, की त्यांच्यातला एखादा रंग दाखवू लागतो. आणि दुकानात बोटाएवढे पीकॉक एकजात झगमगत असतील तर मी ते घेणार नाही. संप्रेरकं चारली की माद्याही रंगतात.

मलावीच्या नरांच्या पोटाखालच्या मागच्या परावर पिवळे गोल ठिपके असतात. मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते. हे ठिपके अंड्यांसारखे दिसतात, ती तेही टिपायला जाते आणि नराचं वीर्य तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात, असं जीवशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी 1962 साली मांडलं. कल्पना सुंदर आहे, पण ठिपके पुष्कळ माद्यांनाही असतात. ठिपके मोजून लिंग ठरवू नये.

कॉन्व्हिक्ट आणि क्रिबेन्सिस या सिक्लिडांत गंमत उलटी: पोटावरचा नारिंगी किंवा चेरीसारखा लाल रंग मादीचा. क्रिबेन्सिसची पिल्लं आम्लधर्मी पाण्यात वाढली तर त्यांत नर जास्त निघतात, म्हणजे इथे पाणीही लुडबुड करतं.

नर-मादी ओळखण्याचा खात्रीचा उपाय मत्स्यशेतीतल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिलापियाचे, म्हणजे चिलापीचे, नर झपाट्याने वाढतात आणि नर-मादी एकत्र ठेवले तर तळं पिल्लांनी भरून जातं. म्हणून मासा उलटा धरून निवड करतात. गुदद्वार धरून नराला दोन छिद्रं, मादीला तीन. मलावीच्या माशांत दोघांनाही दोनच दिसतात. नराची साधारण सारखी, मादीचं मागचं मोठं. हात ओले करावेत, मासा काही क्षणच पाण्याबाहेर ठेवावा. अगदी लहान माशात मात्र काहीच कळत नाही.

म्हणून पिल्लंच घ्यायची असतील तर एंजलची सहा घ्यावीत आणि जोडी त्यांनाच जमवू द्यावी. केन्यीसारख्या भांडखोरांत एका नरामागे निदान तीन माद्या लागतात. जास्तीचे नर परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारून ठेवावं.