पाहणीचे आकडे आणि स्तंभालेख : गैरसमज व वस्तुस्थिती

पुण्याच्या गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि जिचा पहिला भाग १९४५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तिच्या काळी कुटुंबाकुटुंबांच्या उत्तरांची कोष्टके माणसांनी बसून जुळवावी लागत. आज तेच काम 'आर' या संगणकीय भाषेत दोन-तीन ओळींत आटोपते. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ही भाषा घडविली, आणि तीत आलेख काढण्यासाठी हॅडली विकम यांचा 'जीजीप्लॉट२' हा संच विशेष लोकप्रिय झाला. परंतु श्रम जसे कमी झाले तसे विचार करण्याचे प्रसंगही कमी झाले, आणि गटवार आकड्यांच्या स्तंभालेखाविषयी काही भ्रामक समजुती सुशिक्षितांतही रूढ झाल्या.

विवेचनाच्या सोयीसाठी भोपाळ-इटारसी लोहमार्गावरील मंडीदीप हे गाव घेऊ, जेथे ग्रॅफाइटच्या विद्युदग्रांपासून औषधांपर्यंत नाना वस्तूंचे कारखाने आहेत. तेथील ४०० कामगारांना 'कामावर कशाने येता?' असे विचारले, त्यांपैकी ३०० मंडीदीपचेच रहिवासी व १०० भोपाळहून येणारे, असे कल्पू. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.

गैरसमज १ : कोष्टक कसेही असो, आज्ञा एकच.

वस्तुस्थिती : कोष्टक दोन प्रकारचे असते. एकात प्रत्येक कामगाराची एक ओळ, म्हणजे ४०० ओळी; दुसऱ्यात मोजणी आधीच झालेली, आणि प्रत्येक गटापुढे तयार संख्या. पहिल्यास 'जिओम_बार' ही आज्ञा लागते, कारण ती स्वतः ओळी मोजते. दुसऱ्यास 'जिओम_कोल', कारण ती रकान्यातील संख्या जशीच्या तशी उंची म्हणून घेते. मोजलेल्या कोष्टकावर पहिली आज्ञा चालवून प्रत्येक स्तंभ एकाच उंचीचा आला, तर दोष संगणकाचा नव्हे. त्याने प्रत्येक गटाची एकेक ओळ इमानाने मोजलेली असते. याहून घातक चूक अशी की, एकाच गटाच्या दोन ओळी कोष्टकात राहून गेल्या आणि स्तंभ शेजारीशेजारी मांडले, तर त्या दोन संख्यांची बेरीज होत नाही. एक स्तंभ दुसऱ्यावर झाकला जातो, मोठाच तेवढा दिसतो, आणि पाहणाऱ्यास शंकाही येत नाही.

गैरसमज २ : स्तंभ शेजारी मांडावे की एकावर एक रचावे, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातील शालेय गणितात जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख व शतमान स्तंभालेख असे तीन प्रकार शिकवितात, 'आर'मध्ये त्यांनाच अनुक्रमे 'डॉज', 'स्टॅक' व 'फिल' या मांडण्या म्हणतात, आणि काहीच सांगितले नाही तर एकावर एक रचण्याची मांडणी आपोआप पत्करली जाते. या तीन मांडण्या तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मंडीदीपच्या ३०० रहिवाशांपैकी १५० दुचाकीने येतात आणि भोपाळच्या १०० पैकी ६०, असे धरले, तर संख्येच्या जोडस्तंभालेखात मंडीदीपचा स्तंभ अडीचपट उंच दिसेल; शतमान आलेखात मात्र ५० टक्क्यांसमोर ६० टक्के, म्हणजे भोपाळचा भाग मोठा. दोन्ही चित्रे खरी आहेत. छेद तेवढा बदलला.

खऱ्या शिरगणतीतही हेच घडते. २००१ मध्ये मराठी ही मातृभाषा सांगणारे भारतात सुमारे ७ कोटी १९ लक्ष होते, २०११ मध्ये ८ कोटी ३० लक्ष. परंतु एकंदर लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण याच दशकात ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर उतरले. एका आलेखावरून मराठीची वृद्धी सिद्ध करता येईल, दुसऱ्यावरून तिचा ऱ्हास. आणि ज्याने छेद सांगितला नाही त्याने वाचकाला अर्धेच सत्य सांगितले असे म्हणावे लागेल.

गैरसमज ३ : गट हे आकड्यांत मुळातच असतात, ते ठरवावे लागत नाहीत.

वस्तुस्थिती : मंडीदीपला पुष्कळ लोक भोपाळचाच भाग समजतात, आणि तेथील व्यवहार पाहता ते स्वाभाविकही आहे, परंतु सरकारी दफ्तरी हे गाव रायसेन जिल्ह्यात मोडते. २०११ च्या शिरगणतीत रायसेन जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लक्ष ३२ हजार व भोपाळ जिल्ह्याची २३ लक्ष ७१ हजार होती, आणि मंडीदीपचे जवळजवळ ६० हजार लोक यांपैकी पहिल्या आकड्यात आहेत. तेव्हा औद्योगिक मजुरांची जिल्हावार पाहणी मांडताना मंडीदीपमुळे रायसेनचा स्तंभ उंच होईल, आणि शहरी परिसरवार मांडताना तोच भाग भोपाळकडे जाईल. कोणत्या रकान्यावरून गट पाडावयाचे हे आलेखकर्त्यानेच ठरवावयाचे असते.

गैरसमज ४ : स्तंभांचा क्रम संगणक योग्य तोच लावतो.

वस्तुस्थिती : संगणक अक्षरानुक्रम लावतो. 'पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत' ही उत्तरे त्याच्या स्वाधीन केली की 'असहमत, तटस्थ, पूर्ण असहमत, पूर्ण सहमत, सहमत' अशी विपरीत रांग उभी राहते. उत्तरांचा रकाना 'फॅक्टर' करून त्यातील पायऱ्यांचा क्रम स्वहस्ते नोंदविणे हाच त्यावर उपाय. तसेच एखाद्या जोडीत कोणीच नसेल, उदाहरणार्थ भोपाळहून पायी येणारा एकही इसम नसेल, तर जोडस्तंभालेखात उरलेला एकटा स्तंभ दुप्पट रुंद होऊन बसतो; तेथे रुंदी कायम राखण्याची सूचना स्पष्टपणे द्यावी लागते.

गैरसमज ५ : नमुन्यात जितके लोक, तितकेच प्रमाण समाजात.

वस्तुस्थिती : मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ६,३६,६९९ कुटुंबे समाविष्ट होती, परंतु प्रत्येक कुटुंब समाजातील सारख्याच संख्येचे प्रतिनिधित्व करीत नाही, म्हणून प्रत्येकास एक भारांक दिलेला असतो. तो न जोडता काढलेला आलेख नमुन्याचे वर्णन करतो, देशाचे नव्हे. 'जिओम_बार'मध्ये 'वेट' या नावाने हा भारांक देता येतो. प्रमाणातील संभाव्य चूकही दाखवावयाची असेल, तर टॉमस लम्ली यांच्या 'सर्व्हे' या संचात नमुन्याची रचना आधी नोंदवावी लागते.

गैरसमज ६ : उभा अक्ष कोठूनही सुरू केला तरी चालते.

वस्तुस्थिती : स्तंभाचा अर्थ त्याच्या लांबीत असतो, म्हणून तो शून्यापासूनच निघाला पाहिजे. अक्ष ४५ पासून सुरू केला तर ५० व ६० टक्क्यांचे स्तंभ एकास तीन असे भासतील. लहान फरकच दाखवावयाचा असेल तर स्तंभ सोडून ठिपक्यांचा आलेख काढावा.

तात्पर्य, आज्ञा बिनचूक लिहिली म्हणजे आलेख बिनचूक झाला असे नाही. आलेख काढणाऱ्याने त्याखाली चार गोष्टी अवश्य नोंदवाव्यात : किती जणांना विचारले, गट कशावरून पाडले, टक्के कशाचे काढले, आणि भारांक जोडले की नाही. आणि वाचकाने, ही टीप जेथे नसेल तेथे, स्तंभ कितीही सुबक असले तरी त्यांवरून निष्कर्ष काढू नये.