श्याम ते पियू: मधल्या वयाच्या मराठी कथेचा मागोवा

दहा ते तेरा हे वय वाचनाच्या दृष्टीने अडनिडं. चित्रांच्या पुस्तकांत मन रमत नाही आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या कुणी हाती देत नाही. घर हवं असतं आणि घरातून निसटायचंही असतं. कालचा जिवलग मित्र आज अबोला धरतो, आणि आईवडीलही चुकतात हे याच वयात ध्यानात येतं. या उलथापालथीची गोष्ट मराठीने मुलांना कशी सांगितली? ‘श्यामची आई’ 1935 साली प्रसिद्ध झालं, तिथून आजवरच्या नव्वद वर्षांचा हिशेब मांडला तर उत्तर काहीसं अवघड निघतं. मुलांसाठी लिहिताना मराठीने मुलाला आधी लेक केलं, मग नायक केलं. वाढणारं मूल मात्र बहुतेक मोठ्यांच्या पुस्तकांसाठी राखून ठेवलं.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची रचना. म्हणजे मित्र आहेत, पण ते श्रोते, गोष्ट आईची. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून छोटा श्याम हट्ट धरून बसतो, आई ओचे पसरून त्यावर पाय ठेवू देते, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं समजावते. मुलाचा हट्ट इथे अगदी खरा आहे, आईचं लाड करणंही खरं. पण प्रसंग संपायच्या आत त्याचा बोध हाती येतो, कारण सांगणारा श्याम केव्हाच मोठा झालेला आहे. वाढताना होणारा गोंधळ, चाचपडणं, न उमगलेलं तसंच राहून जाणं, यांना त्या मांडणीत जागा उरत नाही. तरी एक श्रेय या पुस्तकाला द्यायलाच हवं. वडिलांचं कर्ज, सावकाराचा तगादा, घरातलं दारिद्र्य आणि अखेर आईचा मृत्यू, यांतलं काहीही ते मुलांपासून लपवत नाही. पुढच्या बालसाहित्याने बोध कमी केला, आणि त्याबरोबर हे धारिष्टही पुष्कळसं गमावलं.

पुढच्या पिढीचा लाडका म्हणजे भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि ‘ट्टॉक’ करून चोरांच्या मागे लागतो. इथे घर मागे पडलं आणि मैत्री पुढे आली. उपदेश करणारं माणूस सोबत नसलं की मूल स्वतः निर्णय घेतं, ही मोकळीक मराठी मुलांच्या पुस्तकात भागवतांनी ऐटीत आणली. पण मालिकेचा नायक म्हटला की त्याचं वय वाढवून चालत नाही. फास्टर फेणे वीसेक पुस्तकांत देशभर फिरतो, 1962च्या युद्धात थेट नेफाच्या आघाडीवर जाऊन येतो, आणि परततो तो गेला तेव्हा होता तसाच. संकट त्याला चाटून जातं, बदलत नाही. हा भागवतांचा दोष नव्हे, त्या प्रकाराचीच ती अट आहे. अडचण एवढीच, की नंतरच्या अनेकांनी रहस्य आणि साहस म्हणजेच किशोरकादंबरी, असं धरून टाकलं.

वाढणारं मूल दिसायला 1994 उजाडावं लागलं. त्या वर्षी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ आलं आणि लंपन भेटला. आईवडील दुसऱ्या गावी, हा आजी-आजोबांकडे. कानडी वळणाच्या त्या मराठीत तो जे पाहतो ते सांगतो, पण त्याचा अर्थ लावून देत नाही. आईची आठवण, सुमीबद्दलची ओढ, मोठ्यांच्या अर्धवट कानी पडलेल्या गोष्टी, सगळं त्याच्यापाशी कोड्यासारखं राहतं. श्यामच्या नेमकी उलट ही रीत. दहा वर्षांनी, 2004 मध्ये, मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आली. आणीबाणीच्या दिवसांत नववीत असलेला मुकुंद जोशी, त्याचं टोळकं, त्याला आवडणारी शिरोडकर, आणि हातातून सगळं निसटल्यावर समोर उभी राहिलेली दहावी. दोन्ही पुस्तकं मुलांविषयीची, पण छापली आणि चर्चिली गेली ती मोठ्यांचं साहित्य म्हणून. मुलांच्या हाती मोठं होण्याची गोष्ट पडली ती दुसऱ्याच वाटेने, अनुवादांतून. राम पटवर्धनांच्या ‘पाडस’मधल्या ज्योडीला स्वतः वाढवलेल्या, पण घरचं पीक खाणाऱ्या पाडसाचा शेवट स्वतःच्याच हाताने करावा लागतो. शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’ने तर मराठी मुलींना भांडणाऱ्या, स्वप्नं पाहणाऱ्या, बहिणीचं मरण सोसणाऱ्या मुली दिल्या. श्याम, बनेश, लंपन, मुकुंद ही सगळी मुलग्यांचीच यादी पाहिली म्हणजे या अनुवादाने किती मोठी उणीव भरून काढली ते कळतं.

यावर कुणी म्हणेल, वाचणारं मूल मोठ्यांच्या कपाटापर्यंत पोचतंच, वेगळा कप्पा कशाला? ज्या घरात कपाट आहे तिथे पोचतं, हे खरं. जिथे पुस्तक शाळेतून किंवा बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकातूनच येतं, तिथे मुलांसाठी म्हणून छापलेलंच मुलापर्यंत जातं. शिवाय लंपनच्या कथांची बरीच गंमत, त्याला न कळलेलं वाचकाला कळतं यात आहे. अकरा वर्षांच्या वाचकाला ती सगळी सापडेलच असं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मुलांना आधी मजा हवी, दुःख कशाला? पण चौघींतल्या बेथच्या मरणाने ‘चौघीजणी’ कुणाच्या हातून खाली पडली नाही. मुलांना कंटाळा येतो तो रचलेल्या उपदेशाचा, खऱ्या दुःखाचा नव्हे.

साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. मराठीतल्या अलीकडच्या मानकऱ्यांत सलीम मुल्लांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ आहे, भारत सासण्यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ आहे. शीर्षकांवरूनच साहसाचा जोर लक्षात येतो. त्याच यादीत 2022 साली संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आली. एका मुलीने स्वतः लिहिलेली वही, हा त्या पुस्तकाचा घाट. मुलीचं रोजचं जगणं हाच कादंबरीचा ऐवज होऊ शकतो, हे त्यातून मान्य झालं, म्हणून तिचं मोल पुरस्कारापेक्षा जास्त. लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत घर बोधाविना रंगवून दाखवलंच आहे. राधा मोठी होईल तेव्हा तिला वाचायला काय देणार, याचा विचार आता लेखकांनी आणि प्रकाशकांनी करायला हवा. तोवर पालकांनी आणि शिक्षकांनी एक तरी करावं: लंपनला मोठ्यांच्या फळीवरून खाली काढावं आणि सहावी-सातवीतल्या मुलामुलींसमोर मोठ्याने वाचावं.