टाळ्या वाजल्या, पुढे काय? वृद्धांची सेवा करणाऱ्या महिलांचे मानसिक आरोग्य

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की चौकातले छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. कॅनडात त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्या वृद्धांना आंघोळ, जेवण, शौच यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, ते तिथे कायमचे राहतात. २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत कॅनडात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के अशा संस्थांतील वृद्धांचे होते. क्युबेक आणि ओंटारिओ प्रांतांत माणसे कमी पडली म्हणून लष्कर पाठवावे लागले.

या वृद्धांना शेवटचे पाणी पाजणाऱ्या महिलांची चर्चा मात्र फारशी झाली नाही. माँट्रियल परिसरात हे काम करणाऱ्यांत हैतीसारख्या देशांतून आलेल्या स्थलांतरित महिला मोठ्या संख्येने आहेत. नोकरी अर्धवेळ, पगार तुटपुंजा, म्हणून एकीलाच दोन संस्थांत काम करावे लागे. या ये-जा करण्यातून संसर्गही पसरला. ‘मीच तर आजार आणला नाही ना?’ ही बोचणी घेऊन घरी जायचे आणि मुलांना जवळ घ्यायला भ्यायचे.

याला सरसकट ‘ताण’ म्हणून चालणार नाही. दीर्घकाळ काम करून माणूस आतून रिता होतो, त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही, कामातून उद्भवणारी अवस्था मानते. नैतिक जखम ही त्याहून वेगळी. व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करताना मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी ही कल्पना मांडली. तीन जणींचे काम एकटीवर पडले की कुणाला आधी भरवायचे आणि कुणाला ओल्या अंथरुणात ठेवायचे, हे ठरवावे लागते. योग्य काय ते कळत असते, पण करता येत नाही. ही जखम चार दिवसांच्या सुट्टीने भरत नाही. शिवाय शोक आहेच. जिचे केस रोज विंचरले ती आजी गेली, तर फोन नातेवाईकांना जातो. हिने चादर बदलून पुढच्या पलंगाकडे वळायचे.

क्युबेकच्या प्रांतप्रमुखांनी यांना ‘रक्षक देवदूत’ म्हटले. देवदूताला पगारवाढ मागता येत नाही, ही त्यातली सोय! ऑगस्ट २०२० मध्ये कॅनडा सरकारने थेट शुश्रूषा करणाऱ्या आश्रयार्थींना कायम वास्तव्याची वाट खुली केली, पण त्याच इमारतींत राबणारे सफाई कामगार वगळले. हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. ब्रिटिश कोलंबियाने मात्र मार्च २०२० मध्येच एका कर्मचाऱ्याने एकाच संस्थेत काम करावे असे ठरवले आणि वेतनही समान पातळीवर आणले. माझ्या मते समुपदेशनाआधी हवे ते हे. ज्या बाईला आठवड्याची सुट्टी नाही, तिला ध्यान शिबिराचे पत्रक देऊन काय उपयोग?

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी भगिनी ब्युरोमार्फत १२ तासांच्या ड्युटीवर वृद्धांना सांभाळतात. ना नेमणूकपत्र, ना पगारी रजा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर मोफत बोलता येते. हा नंबर मी एका मावशींना लिहून दिला. त्यांनी तो पदराला बांधला आणि म्हणाल्या, “ताई, ड्युटीवर गेलं की फोन जमा करून घेतात. बोलू कधी?”