सवय आणि यंत्र

नवे यंत्र आपण गरजेपोटी अथवा कुतूहलापोटी हाती घेतो. परंतु ते वर्षानुवर्षे आपल्या हाती टिकते, ते बहुधा सवयीच्या बळावर. टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचा इतिहास याची साक्ष देतो.

अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट मिळविले. पुढे रेमिंग्टन कंपनीने ही यंत्रे विक्रीस आणली. त्यांवर रूढ झालेला अक्षरक्रम वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून ‘क्वर्टी’ म्हणून ओळखला जातो. बोटे जेथे विसावतात, त्या मधल्या ओळीत इंग्रजीच्या पाच स्वरांपैकी एकच आहे. १९३६ साली ऑगस्ट ड्वोरॅक व विल्यम डीली यांनी पाचही स्वर मधल्या ओळीत आणणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. ती कितपत सरस, याविषयी मतभेद आहेत. परंतु ती रूढ झाली नाही, हे खरे. पुढे संगणक आले, दूरध्वनी खिशात मावू लागला. जुना क्रम मात्र कायम राहिला.

असे का व्हावे? मुरलेल्या टंकलेखकास एखादे अक्षर कोठे आहे असे विचारले, तर तो क्षणभर अडखळतो. त्याची बोटे मात्र अचूक तेथे जातात. पुनःपुन्हा केलेले काम अंगवळणी पडते आणि मन इतर विचारांस मोकळे होते. हा सवयीचा मोठाच उपकार होय. परंतु नवी रचना शिकू म्हटले, की पुन्हा नवशिक्याप्रमाणे चाचपडणे आले. शिवाय सवय एकट्याची नसते. वर्ग, परीक्षा आणि कचेऱ्या याच क्रमावर उभ्या राहिल्या, की एकट्याने वाट बदलणे अवघड होते.

आपल्या लिपीसाठी १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ ही रचना सिद्ध झाली. तीत स्वर डावीकडे व व्यंजने प्रायः उजवीकडे असून क आणि ख एकाच कळीवर आहेत. तरीही, बोटांना रोमन अक्षरांची सवय जडल्यामुळे आपल्यापैकी कित्येक जण मराठी निरोपही रोमन लिपीतच पाठवितात. अशा लिखाणात ‘मन’ आणि ‘मण’, ‘बाल’ आणि ‘बाळ’ यांतील भेद सहज पुसला जातो.

सवय टाळता येत नाही. ती निवडता मात्र येते. बोटे अजून कोवळी आहेत, तोवरच आपण विद्यार्थ्यांनी ही निवड डोळसपणे करावी. आज जी अक्षरे बोटांना शिकवू, तीच उद्या न बोलावता पुढे येतील.